संगणकाची शाकारणी

हुबळीची दाजीबानपेठ आमच्या किनारपट्टीच्या वाचकांस परकी नाही. घाट चढून कोणी व्यापारासाठी, कोणी लग्नाच्या बस्त्यासाठी, कोणी सोयरिकीच्या निमित्ताने तेथे जात असतो, आणि पेठेतील तुळजाभवानीपुढे हात जोडल्यावाचून परतणारे थोडेच. २०२५ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी या पेठेतील एका कापडव्यापारी स्नेह्यांकडे जाण्याचा योग आम्हांस आला. दुकान खाली, बिऱ्हाड वर, अशी जुन्या वळणाची वास्तू. पाटावर लाल बासनातील कोरी खतावणी, तिच्यावर हळदकुंकू, शेजारी नाण्यांची वाटी, आणि वाटीच्या पलीकडे घरातील संगणक. त्यालाही झेंडूची माळ घातलेली होती. आरती आटोपली, प्रसाद वाटून झाला, आणि आमचे स्नेही खतावणीकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, गेली नऊ वर्षे वही नुसती पुजतो, लिहीत नाही. लिहिलेले सगळे ह्या यंत्रात होते. आता ह्यातही काही नाही."

घडले होते ते असे. भाद्रपदातील एका सकाळी मुलाने संगणक उघडला, तो प्रत्येक फाइलच्या नावापुढे कधी न पाहिलेली चार अक्षरे चिकटलेली. हिशेबाची एकही फाइल उघडेना, छायाचित्र उघडेना. पडद्यावर इंग्रजीत एक चिठ्ठी होती: तुमच्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असल्यास अमुक इतके डॉलर बिटकॉइनच्या रूपाने पाठवा. नऊ वर्षांचा जमाखर्च, उधारीची यादी, कराची विवरणपत्रे आणि मुलीच्या लग्नातील चित्रे गेली. याखेरीज आणखी एक गोष्ट गेली, आणि तिच्याबद्दल बोलताना या व्यवहारी गृहस्थांचा आवाज बदलला. त्यांच्या मातोश्री जात्यावरच्या ओव्या आणि पाळणे म्हणत. नातवाने आजीजवळ बसून ती गाणी चार-पाच हिवाळे ध्वनिमुद्रित केली होती. आजी पुढे निवर्तली. उधारी काय, लोकांच्या इमानावर थोडीफार वसूल होईल. तो आवाज कोठून आणायचा?

चोर आला कोठून याचा छडा फार दूर न जाता लागला. हिशेबाचे सॉफ्टवेअर विकत घ्यायचे तर पैसे पडतात, म्हणून कोणा दुरुस्तीवाल्याने त्याची 'क्रॅक' केलेली प्रत टाकून दिली होती. ती बसावी म्हणून अँटिव्हायरस बंद केला होता, आणि आतली विंडोजही तशीच फुकटची असल्याने ती उघडी पडू नये म्हणून अपडेटही कायमचे बंद करून ठेवले होते. घराला कुलूप लावणाऱ्याने चोरासाठी खिडकी काढून ठेवावी तसा हा प्रकार. पण त्या दुरुस्तीवाल्याला एकट्याला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. त्याने गिऱ्हाइकाला जे हवे होते तेच दिले. आमचे हे स्नेही कापड मोजताना गजामागे बोटभर अधिकच देतील, पण कमी देणार नाहीत. असा सचोटीचा माणूस चोरीचे सॉफ्टवेअर निःशंकपणे वापरतो, कारण ती चोरी आहे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. रत्नागिरीपासून कारवारपर्यंत घरोघरचे संगणक उघडून पाहिले तर या बाबतीत पहिला दगड कोणी मारावा असा प्रश्नच पडेल.

या रोगाचा इतिहास मोठा विलक्षण आहे, आणि त्याचा आरंभच फुकट्या प्रतींच्या भांडणातून झाला. वैयक्तिक संगणकांना लागलेल्या पहिल्या व्हायरसांपैकी एक म्हणून ज्याची नोंद आहे तो 'ब्रेन' १९८६ साली लाहोरमध्ये जन्मला. तेथे संगणकाचे दुकान चालवणाऱ्या दोघा भावांनी तो लिहिला. आमच्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरून प्रती करणाऱ्यांना अद्दल घडवावी एवढाच हेतू होता, असे ते सांगत. त्यांनी त्या व्हायरसात आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! आजच्या खंडणीखोरांच्या मानाने हे किती भाबडे वाटते. योगायोग असा की त्याच रोगावरचा एक मोठा उतारा पुण्यात दोघा भावांनीच तयार केला. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, पुढे संगणक दुरुस्त करू लागले. व्हायरसाने बिघडलेले संगणक दुकानात येऊ लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारा धाकटा भाऊ संजय याने त्यांवर उपाय लिहावयास घेतला. त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यास 'क्विक हील' हा अँटिव्हायरस उभा राहिला. २००७ साली कंपनीनेही तेच नाव घेतले आणि २०१६ साली तिचे समभाग बाजारात आले. दुरुस्तीच्या टेबलावरून उठलेल्या मराठी माणसाची ही कर्तबगारी शाळेतल्या पुस्तकात यावी अशी आहे.

परंतु औषध घरात असून भागत नाही, भिंतीची भेगही बुजवावी लागते. संगणकातील भेग म्हणजे काय, हे गोमंतकातील खाजन शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. खारे पाणी अडवणारा बांध मैलभर मजबूत असला तरी खेकड्याने पाडलेल्या एका बिळातून भरतीचे पाणी शिरते आणि वर्षाचे भात जळते. संगणकाची कार्यप्रणाली ही कोट्यवधी ओळींची रचना असते, आणि माणसांनी लिहिलेल्या इतक्या मोठ्या रचनेत बिळे राहणारच. ती सापडतील तशी कंपनी बुजवण्याचा मसाला पाठवते. त्यालाच आपण अपडेट म्हणतो. मायक्रोसॉफ्ट तो मसाला २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाठवीत आली आहे. आपल्याकडे त्या वेळी मंगळवारची रात्र असते, म्हणून तो हाती येतो बुधवारी. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. डागडुजी कोठे केली हे पाहून भोक कोठे होते हे चोरालाही कळते. म्हणजे अपडेट प्रसिद्ध झाल्यानंतर, ते न बसवणाऱ्याचा धोका पूर्वीपेक्षा वाढतो. 'इतके दिवस काही झाले नाही, आता काय होणार' हा आमच्या घरोघरचा युक्तिवाद या एका कारणाने खोटा ठरतो.

त्याचा पुरावा जगाने २०१७ साली पाहिला. विंडोजमधील एका भेगेवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी १४ मार्चला प्रसिद्ध केला होता. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच भेगेतून शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने कुलूपबंद केले. इंग्लंडमध्ये रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक बंद पडले. त्या वेळी सर्वांनी दोष दिला तो जुन्या विंडोज एक्सपीला. पण पुढे तपासात दिसले की बळी पडलेले बहुतेक सारे संगणक विंडोज ७ वर चालणारे होते, आणि विंडोज ७ साठी उपाय दोन महिने आधी फुकट हाती आलेला होता. तो बसवण्यापुरती सवड मात्र मालकांना झाली नव्हती.

एवढ्याने तरी शहाणपण यावे! पण २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' आला तो अन्य मार्गांबरोबर त्याच भेगेचाही उपयोग करून. त्याचा तडाखा आपल्या किनाऱ्यालाच बसला. न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या कंटेनर धक्क्याचे संगणक त्या दिवशी बंद पडले. संगणकावाचून कोणता डबा कोणाचा हे कळेना आणि कामगारांना हाताने कागद लिहीत काम रेटावे लागले. मर्स्क ही जगातील अग्रगण्य जहाज कंपन्यांपैकी एक. तिला सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनीच पुढे जाहीरपणे सांगितले. साऱ्या जाळ्याचा नकाशा जपणाऱ्या तिच्या मुख्य संगणकांच्या सगळ्या प्रती जगभर नष्ट झाल्या होत्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतील घाना देशातील कचेरीत, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती! वीज गेल्याबद्दल कोणा कंपनीने देवाचे आभार मानल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे.

येथे एक चोखंदळ वाचक आम्हांस अडवील, आणि त्याचा आक्षेप टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 'नॉटपेट्या' मुळात पसरला तो युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगातील सुमारे पंचाऐंशी लाख संगणक निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मग अपडेटवर विश्वास कसा ठेवावा? आमचे उत्तर असे की हे दोन्ही आघात मोठ्या संस्थांवर झाले. घरगुती संगणकाच्या वाट्यास असे प्रसंग क्वचित येतात, तर न बुजवलेल्या भेगेचा धोका रोजचा आहे. कधी काळी औषधाने अपाय झाला म्हणून देवीची लस नाकारणे शहाणपणाचे नव्हते. मात्र या आक्षेपातून निघणारा एक धडा खरा आहे: कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही कंपनीवर सर्वस्वी विसंबू नये, वस्तूची दुसरी प्रत हाताशी असावी. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

आता ताज्या संकटाकडे. दाजीबानपेठेत आम्ही गेलो त्या दिवाळीच्या आधीच्याच आठवड्यात, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नित्याचा सांभाळ थांबवला. २०१५ साली आलेली ही प्रणाली आमच्या घरोघर रुजलेली. तिच्यापुढची विंडोज ११ ही २०२१ पासून उपलब्ध आहे, पण तिला सुरक्षेची विशिष्ट चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. सात-आठ वर्षांपूर्वी पोटाला चिमटा घेऊन घेतलेला संगणक उत्तम चालतो, मुलांचा अभ्यास त्यावर होतो, आणि कंपनी म्हणते हा आता म्हातारा झाला. यास आमची सरळ हरकत आहे. रस्त्यावर धावणारी गाडी केवळ कारखान्याच्या मर्जीने भंगारात काढण्याचा हा न्याय श्रीमंत देशांस परवडत असेल, दाजीबानपेठेस आणि देवगडास परवडत नाही. ज्या कंपनीने अशा यंत्रांवर वर्षानुवर्षे नफा कमावला तिने गंभीर भेगा तरी बुजवीत राहिले पाहिजे. ते तिला शक्य आहे याचा दाखला तिनेच दिला आहे. 'वॉनाक्राय'च्या वेळी, २०१४ सालीच सोडून दिलेल्या एक्सपीसाठीसुद्धा तिने तातडीने उपाय काढला होता.

तोवर घरगुती मालकाने काय करावे? कंपनीने घरगुती वापरासाठी सुरक्षा-अपडेटची एक वर्षाची वाढीव मुदत जाहीर केली, तिची सीमा १३ ऑक्टोबर २०२६. तीस डॉलर भरणे हा तिचा एक मार्ग आणि संगणकाची मांडणी कंपनीच्या खात्यात साठवून ती फुकट मिळवणे हा दुसरा. ज्यांना हेही नको त्यांना लिनक्सची वाट मोकळी आहे. जुन्या यंत्रावर ती चालते, विकत घ्यावी लागत नाही, म्हणून चोरावीही लागत नाही. केरळने आपल्या सरकारी शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर सर्रास वापरून दाखवले आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने 'बॉस' नावाची भारतीय भाषांत चालणारी लिनक्स प्रणाली तयार केली. घरचे धन असून दारोदार फिरणे ही आमची जुनी खोड, एवढेच येथे म्हणतो.

आणि ज्या यंत्राचे काहीच करता येत नाही त्याला जाळ्यातून बाहेर काढावे. आमच्याच कचेरीत जुन्या टंकांवर चालणारा एक संगणक आहे. त्याची कार्यप्रणाली केव्हाच कालबाह्य झाली, पण जुने अंक त्यावाचून उघडत नाहीत. त्याची इंटरनेटची तार आम्ही काढून टाकली आणि कोणी ती पुन्हा जोडू नये म्हणून भोकात मेणबत्तीचे मेण ओतले. आमच्या तंत्रज्ञांनी या उपायाची बरीच थट्टा केली, पण मेण अजून जागच्या जागी आहे.

बाकीची काळजी कोणालाही घेता येण्यासारखी आहे. विंडोजमध्ये आता अँटिव्हायरस अंगचाच असतो. तो बंद करावयास सांगणारे कोणतेही सॉफ्टवेअर, मग ते कितीही फुकट असो, घरात घेऊ नये. रोजच्या वापरासाठी साधे खाते ठेवावे, यंत्रात बदल करण्याचा अधिकार असलेले खाते वेगळे. त्यायोगे मुलाने चुकून काही उघडले तरी चोराला साऱ्या घराच्या किल्ल्या मिळत नाहीत. ब्राउझरही अद्ययावत ठेवावा, कारण बाहेरच्या जगाशी व्यवहार करणारा दरवाजा तोच. भिंतीवर टांगलेल्या इंटरनेटच्या राउटरकडे तर कोणी वळूनही पाहत नाही. कारखान्यातून आलेला त्याचा पासवर्ड वर्षानुवर्षे तसाच असतो. 'तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा' असा पडदा अचानक झळकला तर फोन करू नये. तो व्हायरसाचा नव्हे, भामट्याचा फोन असतो, आणि त्याच्या सांगण्यावरून दूरस्थ नियंत्रणाचे ॲप बसवले की बँकेचे खाते त्याच्या डोळ्यांपुढे उघडे होते. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. अशा वेळी तासाभराचा उशीरही महाग पडतो.

आमच्या घरांतून हे होत का नाही, याचा विचार केल्यास दोष सर्वस्वी आळसाचा नाही असे दिसेल. पडद्यावर येणारी सूचना इंग्रजीत असते. ती वाचून न समजल्याने गृहिणी किंवा आजोबा 'नंतर' या शब्दावर टिचकी मारतात, आणि तो 'नंतर' कधीच येत नाही. विंडोज मराठीत करून घेता येते हे विकणारा सांगत नाही. २००४ पासून काम करणारी केंद्र सरकारची 'सर्ट-इन' ही संस्था वेळोवेळी इशारे प्रसिद्ध करते. २०१७ साली 'सायबर स्वच्छता केंद्र' निघाले आणि तेथे व्हायरस काढण्याची साधने विनामूल्य ठेवली गेली. परंतु भाषा बहुतांशी इंग्रजी, आणि तीही तज्ज्ञांची! दाजीबानपेठेत घरात एक भाषा, दुकानात कानडी आणि पाहुण्यांशी मराठी बोलणाऱ्या माणसाला त्या इशाऱ्याचा उपयोग काय? गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या कारकीर्दीत 'सायबरएज' योजनेखाली विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचले. त्या दूरदृष्टीचे कौतुक आम्ही करतोच, पण यंत्र दिले म्हणजे विद्या दिली असे होत नाही. पंचायतीने वर्षातून एकदा, शाळेच्या संगणक-शिक्षकांना मानधन देऊन, गावातील घरगुती संगणक तपासून घेण्याचा दिवस ठेवला तर खर्च किती येईल? गावच्या एका स्वागत-कमानीहून खासच कमी.

कोकणात मृग लागण्यापूर्वी घर शाकारण्याची रीत आहे. कौले उतरवून, फुटकी वेगळी काढून, रीप तपासून पुन्हा बसवायची. गतवर्षी घर गळले नव्हते म्हणून यंदा शाकारणी नको, असे कोणी म्हणत नाही. संकष्टी कोणत्या मंगळवारी येते हे ज्या घरात तोंडपाठ असते, त्या घराला महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार दिनदर्शिकेवर गोल करून ठेवणे जड जाऊ नये. खंडेनवमीला संगणकाला फूल वाहणाऱ्यांनी त्याच बैठकीत त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती तार काढून कपाटात ठेवावी. तार काढणे महत्त्वाचे, कारण जोडून ठेवलेली प्रत मूळ प्रतीबरोबरच कुलूपबंद होते. आमच्या स्नेह्यांच्या घरी अशी डिस्क होती. ती दोन वर्षे संगणकाच्या पाठीमागे कायम जोडलेली होती.

त्यांनी खंडणी दिली नाही, हे आम्हांस योग्य वाटले. पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाही, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयावर पुढची चोरी पोसली जाते. २०१६ साली नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि काही सुरक्षा कंपन्यांनी मिळून 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम सुरू केला आणि अनेक व्हायरसांच्या किल्ल्या तेथे फुकट ठेवल्या. ह्या जातीच्या किल्लीचा मात्र मुलाला तेथे शोध लागला नाही. बंद फाइली पुसू नका, किल्ली पुढेही सापडू शकते, असे त्याला सांगण्यात आले आहे.

आम्ही निघताना मुलाने भ्रमणध्वनी पुढे केला. मडगावला दिलेल्या आत्याने आईच्या आठवणीसाठी कधी तरी एक पाळणा व्हॉट्सॲपवर मागवून घेतला होता. तेवढा एक तिच्याकडून परत आला. आम्ही तो ऐकला. मागे पेठेतील सायकलींच्या घंटा वाजत होत्या आणि मध्येच आजी थांबून नातवाला विचारत होती, हे चालू आहे ना रे? उरलेली सत्तावीस गाणी उघडत नसलेल्या फाइलींच्या रूपाने एका वेगळ्या डिस्कवर आहेत. ती डिस्क आता देवघराच्या खणात असते, कोणत्याही यंत्राला न जोडता.